नववं पान: एका फसलेल्या मराठी भयपटाचं प्रकरण

चित्रपटाच्या एकविसाव्या मिनिटाला वाड्याच्या माजघरात आठ मुलं जेवायला बसली आहेत. घरात मुंज आहे. समोर बटू आईला चिकटून तिच्याच पानात जेवतोय, मातृभोजन चालू आहे, आणि अलीकडे अष्टवर्गाची आठ मुलं ओळीने पाटांवर बसली आहेत. पंचाहत्तरीच्या आक्का वाढतायत. कॅमेरा उंबऱ्याच्या उंचीवर आहे आणि तो जागचा हलत नाही. आक्कांनी पानं नऊ मांडली आहेत. धाकटी सून हळूच म्हणते, "आक्का, आठच मुलं आहेत हो." आक्का म्हणतात, "असू दे." नवव्या पानावर मीठ, लिंबाची फोड आणि भाताची मूद वाढून त्या पुढे जातात. वरणाचं भांडं सुनेच्या हातात आहे, ती आठव्या पानाशी थांबते आणि वळते. मुलं जेवतात, हसतात, हात धुवायला परसात पळतात. ओळ रिकामी होते. बाहेर पाणी सांडल्याचा आवाज, कुणीतरी कुणाला ढकलल्याचा आवाज. कॅमेरा अजून तिथेच आहे. मग हळूहळू लक्षात येतं की नवव्या पानातल्या भाताला आळं केलंय. लहान मुलं बोटांनी दाबून करतात तसं. आणि आळ्यात वरण आहे.

हे दृश्य मी कामाच्या निमित्ताने शंभरेक वेळा पाहिलं असेल. अजूनही त्या आळ्यावर नजर गेली की हात थंड पडतात. त्यानंतरच्या सव्वा तासात मात्र एकदाही तसं झालं नाही. मला झालं नाही आणि थिएटरात बसलेल्या लोकांनाही झालं नाही. जो चित्रपट एका भाताच्या मुदीने एवढं करू शकला, तो पुढे भूत, आग, मांत्रिक, रक्त सगळं आणूनही का फसला, ते मला नीट मांडून ठेवायचं आहे. मी या चित्रपटाची साउंड डिझायनर होते. चित्रपटाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. दोषात माझाही वाटा आहे, तोही येईलच.

मूळ गोष्ट

दिग्दर्शकाने पहिल्यांदा गोष्ट ऐकवली ती एवढी होती. शनिवार पेठेतला एक वाडा बिल्डरला द्यायचा ठरलाय. रिकामा करण्याआधी घरातल्या धाकट्या नातवाची मुंज तिथेच करायची, वाड्यातलं शेवटचं कार्य म्हणून. वाड्याच्या मागे पिंपळ आहे आणि पिंपळावर मुंजा आहे, हे आक्कांना माहीत आहे. बाकीच्यांना ते म्हातारीचं खूळ वाटतं.

मुंज झालेला मुलगा सोडमुंजीच्या, म्हणजे मुंजीचं व्रत संपवायच्या विधीच्या, आधी गेला तर त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकलेली. पण या गोष्टीतला मुंजा पुण्याचा होता, आणि त्याला एक तारीख होती. १८९७ सालचा प्लेग. त्या वर्षी मार्चपासून गोरे सोल्जर पेठांमधल्या घरांत शिरून झडती घेत होते, स्वयंपाकघर आणि देवघरसुद्धा सोडत नव्हते, आणि संशय आला की माणसांना उचलून छावणीत नेत होते. चैत्र-वैशाखातले मुंजींचे दिवस नेमके तेच. गोष्टीतल्या मुलाची मुंज होती, मातृभोजनाला पान मांडलं, आणि झडती आली. आईला नेलं. ती परत आली नाही. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. आईच्या पानातला घास त्याला मिळालाच नाही.

त्यामुळे या मुंजाचा नियम साधा होता. तो कुणाला धरत नाही, झपाटत नाही. पान वाढलं तर येतो, जेवतो, जातो. पान वाढलं नाही तर येत नाही. पण एकदा ज्या बाईने वाढलं तिला रोज वाढावं लागतं, कारण तो तिला आई धरून बसतो. आक्का साठ वर्षं वाढतायत. वाडा गेल्यावर पान कुठे मांडायचं, हा त्यांचा प्रश्न. आणि मुंजीच्या दिवशी धाकटी सून न कळत त्या पानावर लाडू ठेवते, हा गोष्टीचा फास.

मी ही गोष्ट ऐकली तेव्हा पैशांचं न विचारता हो म्हटलं. अशी गोष्ट परत परत येत नाही.

दोन खेळ, दोन चित्रपट

या प्रकरणात अभ्यासाला हाताशी धरण्यासारखी एक गोष्ट आहे. हा चित्रपट दोन रूपांत लोकांसमोर आला. पहिला रफ कट, संगीत नसलेला, रंगसंस्कार न झालेला, काही दृश्यांच्या जागी काळी पट्टी आणि त्यावर लिहिलेला मजकूर. तो आम्ही कोथरूडमधल्या एका छोट्या हॉलमध्ये ओळखीच्या तीसेक लोकांना दाखवला. दुसरा, सहा महिन्यांनी थिएटरात लागला तो. माणसं वेगळी, जागा वेगळी, त्यामुळे याला प्रयोग म्हणता येणार नाही. पण दोन्ही वेळा मी पडद्याकडे पाठ करून लोकांकडे पाहत बसले होते, आणि पाहिलं ते इतकं वेगळं होतं की नोंदवणं भाग आहे.

कोथरूडला नवव्या पानाच्या दृश्यात एका आजींनी शेजारणीचा हात धरला आणि पुढची दहा मिनिटं सोडला नाही. एक मुलगा खुर्चीत पाय वर घेऊन बसला. पाय खाली ठेवायची भीती वाटली, असं त्याने नंतर आपण होऊन सांगितलं. संपल्यावर लोक उठून लगेच चपला घालायला गेले नाहीत. कुणाच्या आजोळी परसात काय होतं, कोण कुठल्या खोलीत रात्री जात नसे, अशा गोष्टी निघाल्या. हॉलवाल्याने दिवे बंद करायला घेतले तेव्हा कुठे सगळे बाहेर पडले.

थिएटरात शुक्रवारी दुपारच्या खेळाला मी मागून तिसऱ्या रांगेत बसले. नवव्या पानाला तेच झालं, हॉल गप्प. पॉपकॉर्नच्या पुड्यांचा आवाजसुद्धा थांबला. पण मध्यंतरानंतर मुंजा छतावरून कोळ्यासारखा चालत आला आणि पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलं खळखळून हसली. पुढे पुढे एकेक मोबाइल उजळायला लागला. भयपटात मोबाइल उजळणं हे मला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागतं. घाबरलेला माणूस अंधारात स्वतःचा चेहरा उजळून दाखवत नाही.

बाहेर पडताना एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "पहिलं काय छान होतं रे, मग काय झालं यांना?" मी जिन्यात थांबून राहिले. माझाही प्रश्न तोच होता.

काय झालं

सुरुवात वाड्याच्या तारखांपासून झाली. अठरा दिवसांचं शूटिंग ठरलं होतं, वाड्यात अकराच दिवस मिळाले. मालकांचा करार पुढे सरकला आणि घर रिकामं करून द्यायची तारीख अलीकडे आली. त्यांचा दोष नाही, त्यांनी शब्द दिला होता तो त्यांच्या हातात राहिला नाही. उरलेली दृश्यं कुठे घ्यायची? बाणेरच्या एका रिकाम्या फ्लॅटची सोय झाली. मग पटकथा त्या फ्लॅटला बेतली गेली. सून आणि तिचा नवरा वाडा सोडून नव्या घरी येतात आणि मुंजा त्यांच्या मागे तिथे येतो.

इथे गोष्टीचा कणा मोडला. पान वाढल्याशिवाय न येणारा मुंजा आता लिफ्टमधून येतो, गाडीच्या मागच्या सीटवर दिसतो, टीव्हीत दिसतो. लेखकाला हे कळत होतं. त्याने एक तोड सुचवली होती. फ्लॅटमध्ये सून सवयीने एक ताट जास्त घेते आणि मग स्वतःच ते पाहून थबकते. तेवढं एक दृश्य पुरलं असतं. नियम फ्लॅटपर्यंत गेला असता, शिवाय आक्कांची सवय तिच्या हाताला लागली हेही दिसलं असतं. ते लिहिलंही होतं. पण त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत लिफ्टचं दृश्य संपवायचं होतं, सोसायटीने परवानगी तेवढीच दिली होती. ताटाचं दृश्य उद्यावर गेलं आणि मग राहूनच गेलं.

भुताला नियम हवा, हे प्रेक्षक शब्दांत सांगत नाही, पण त्याला ते पक्कं माहीत असतं. आपल्याकडच्या सगळ्या भुतांना नियम आहेत. चकवा वाट चुकवतो, घरात येत नाही. मुंजा पिंपळ सोडत नाही. वेताळाच्या पालखीच्या वाटेत उभं राहायचं नाही, म्हणजे तो काही करत नाही. आजीने गोष्ट सांगताना आधी हेच सांगितलेलं असतं: काय केलं की होतं, आणि काय केलं नाही की होत नाही. त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर पोराला चालवलं की ते रात्रभर पांघरुणातून डोकं बाहेर काढत नाही. आमच्या मुंजाने काहीही, कुठेही, केव्हाही करायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी प्रेक्षकाने जपून चालणं सोडून दिलं. जपून चालून उपयोगच नव्हता.

दुसरं नुकसान जागेचं. वाडा म्हणजे दिंडी दरवाजा, चौक, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार, परसू आणि परसात पिंपळ. या ओळीतून एकदा चालत गेलं की माणसाला घर पाठ होतं. संध्याकाळी आक्का हातात कंदील घेऊन दिंडीची कडी लावतात आणि चालत चालत परसाच्या दारापर्यंत जातात, असा सव्वातीन मिनिटांचा एकच शॉट आम्ही घेतला होता. त्याचा आवाज मी स्वतः त्यांच्या मागे बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, घेऊन चालत घेतला. चौकातल्या फरशीवर चप्पल वाजते, ओटीच्या लाकडावर दबते, माजघरातल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर जवळजवळ ऐकूच येत नाही. डोळे मिटून ऐकलं तरी आक्का कुठे पोचल्या ते कळावं. हा शॉट 'संथ' म्हणून उडवला गेला.

त्याबरोबर घराचा नकाशा गेला. पुढे सून रात्री स्वयंपाकघरात असताना मागे दार वाजतं, तेव्हा प्रेक्षकाला कळतच नाही की हे दार परसाकडचं आहे आणि त्यापलीकडे फक्त पिंपळ आहे. त्याच्या लेखी ते कुठलंही एक दार. कोथरूडच्या खेळात हा शॉट होता, आणि दार वाजलं तेव्हा एकजण बोललाच, "मागचं आहे ते!" थिएटरात त्याच जागी कुणी हलल्याचंही मला दिसलं नाही.

पुण्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट भूत पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ते अठरा वर्षांचे होते. 'काका, मला वाचवा' ही हाक अजून ऐकू येते असं लोक सांगत आलेत. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, आत आता जोती आणि बाग आहे, तरी ती गोष्ट जळाली नाही. या गोष्टीत कुणी भूत पाहिल्याचं सांगत नाही. फक्त आवाज आहे. आणि जागा आहे: तो कुठून पळाला, कुठे काकांना मिठी मारली, कुठल्या दरवाजातून त्याला बाहेर नेलं, तो नारायण दरवाजा आजही दाखवतात. चेहरा नसलेलं, पण पत्ता असलेलं भूत. आम्ही त्या वाड्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर अकरा दिवस काम करत होतो आणि आमच्या मुंजाचा पत्ता काढून घेऊन त्याला चेहरा दिला.

चेहऱ्याचं असं झालं की जून २०२४ मध्ये मुंजावरचाच एक हिंदी चित्रपट आला आणि त्याने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. त्यातला मुंजा संगणकावर घडवलेला होता, गोष्ट विनोदाच्या अंगाने जाणारी होती, आणि त्या गोष्टीला ते शोभलं. आमच्या निर्मात्यांनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी एडिट रूममध्ये आले. "अहो, प्रेक्षक पैसे देऊन येतो. त्याला भूत दिसलं पाहिजे ना! नुसता भात काय दाखवताय?" माणूस वाईट नाही. घर गहाण ठेवून त्याने पैसे उभे केले होते आणि घाबरलेल्या माणसाला जे दिसतं तेच त्याला दिसत होतं.

मूळ योजनेत मुंजा फक्त पाठीमागून दिसणार होता. मुंजीत डोक्याचा चकोट करून मध्ये घेरा आणि शेंडी ठेवतात, तेवढंच, पाटावर बसलेलं, कानात भिकबाळी. त्यासाठी नऊ वर्षांचा एक मुलगा मिळाला होता, त्याच्या आईवडिलांनी खरोखर चकोट करू दिला. तो पाटावर बसला की मानेचे दोन मणके वर येत, आणि त्या बारक्या मानेकडे पाहूनच पोटात कालवायचं. या पोराच्या जागी पांढऱ्या बुबुळांचा, जबडा फाटणारा, छतावरून चालणारा संगणकी आकार आला. पैसे बेताचे, वेळ त्याहून बेताचा, त्यामुळे त्याची सावली भिंतीवर नीट पडत नव्हती. त्याचं वजन कुठेच जाणवत नव्हतं. मुलं हसली ती त्याला.

आणि त्याच्या दुःखाचं काय? प्लेग, झडती, छावणी हे सगळं 'आजच्या प्रेक्षकाला समजायला जड' म्हणून गेलं. त्याऐवजी सावत्र आईने लाडवात विष घातल्याची पाच मिनिटांची पूर्वकथा आली. भुकेलं पोर सूड घेणारं पोर झालं. सूड घेणाऱ्याला काय हवंय ते आपल्याला पहिल्याच मिनिटाला कळतं. भुकेल्या पोराला पान वाढलं तर आपण अडकतो आणि नाही वाढलं तर आपल्यालाच जेवण जात नाही. आक्कांची साठ वर्षं त्यात गेली होती.

चित्राबद्दल थोडक्यात. वाड्याची रात्र पिवळी असते, साठचा बल्ब आणि देवघरातली समई. ती निळी केली गेली, कारण निळी म्हणजे भीती असं कुणीतरी ठरवलंय. शिवाय रंगसंस्कार चांगल्या मॉनिटरवर झाला. थिएटरच्या पडद्यावर उजेडाचं प्रमाण ४८ निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) धरलेलं असतं, आणि दिवा जुना झाला की कित्येक ठिकाणी तेवढाही मिळत नाही. मॉनिटरवर दिसणारा कोपरा तिथे चिखल झाला.

माझा वाटा

आता आवाज. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण ही माझी चूक आहे.

वाड्यात शूटिंग संपल्यावर रात्री मी दोनदा एकटी राहिले, फक्त आवाज घ्यायला. रात्री दोन वाजता वाडा बोलतो. दिवसभर तापलेलं कडीपाटाचं लाकूड गार होताना टकटक करतं. कबुतरं झोपेत पंख हलवतात. लांब नदीपात्राच्या रस्त्यावर एखादा ट्रक जातो आणि त्यानंतरची शांतता आधीपेक्षा खोल वाटते. पहाटे कुठल्याशा देवळात काकड आरतीची घंटा. मी चाळीस मिनिटांची ही नुसती शांतता घेतली होती. नवव्या पानाच्या दृश्यात तीच आहे, आणि मुलं उठून गेल्यावर मी ती अगदी सावकाश, कळणार नाही इतक्या हळू, कमी करत नेली आहे. कान आपोआप पुढे झुकतो. कान झुकला की डोळा शोधायला लागतो. मग त्याला आळं दिसतं.

फायनल मिक्सच्या वेळी फर्मान आलं: दर पाच मिनिटांनी धक्का हवा. दार उघडलं की धडाम, मांजर आली की धडाम, आरशात कुणी दिसलं की धडाम. मी वाद घातला, पण पुरेसा घातला नाही. तारीख जवळ होती, हप्ता बाकी होता, आणि मनात कुठेतरी असंही आलं की कदाचित त्यांचं बरोबर असेल. मी बसून एकेक धक्का बसवला. मोजले, तेवीस झाले.

दचकणं ही शरीराची गोष्ट आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, खांदे वर जातात, मान आखडते. पापणी मिटायला शंभर मिलिसेकंदही लागत नाहीत. सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशोबात दोन-तीन चौकटी. म्हणजे आपण भुताचा चेहरा आणि धडाम एकाच चौकटीवर ठेवतो, तेव्हा बघणाऱ्याचे डोळे त्याच वेळी मिटत असतात. आणि दचकणं फार लवकर बोथट होतं. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की शरीर त्याला सरावतं. दिवाळीतला पहिला सुतळी बॉम्ब आणि विसावा सुतळी बॉम्ब आठवून पाहा. आमच्या चित्रपटात सहाव्या-सातव्या धक्क्यानंतर माणसं दचकेनाशी झाली आणि त्रासायला लागली.

भीतीला मात्र वेळ लागतो. तिला आधी काहीतरी जपावंसं वाटायला लागतं, मग ते जाईल अशी शंका लागते, आणि मग कुणीतरी ती शंका मिटवायचं नाकारावं लागतं. आपण धडाम केलं की शंका मिटली. एक श्वास सुटतो, माणूस खुर्चीत मागे टेकतो. तेवीस वेळा मी त्या माणसाला माझ्या हाताने मागे टेकवलं.

याहून वाईट पुढे झालं. थिएटरच्या ध्वनियंत्रणेवर आवाजाची पातळी ठरलेली असते, प्रोसेसरवर ७ हा आकडा. मिक्स करताना आम्ही त्याच पातळीवर ऐकत असतो, म्हणजे तिथे आणि इथे सारखंच ऐकू यावं. पण चित्रपट कर्कश असला की लोक तक्रार करतात आणि ऑपरेटर आकडा खाली आणतो. शनिवारी मी प्रोजेक्शन रूममध्ये जाऊन पाहिलं, आकडा साडेचारावर होता. "ताई, कालपासून लोक येऊन सांगतायत, कान फुटतात म्हणून," ऑपरेटर म्हणाला. त्याने आपलं काम केलं होतं. पण साडेचारावर माझी ती वाड्याची शांतता संपूर्ण बुडाली. नवव्या पानाच्या दृश्यात आता एसीचा आवाज येत होता. माझ्याच धक्क्यांनी माझं सगळ्यात चांगलं दृश्य मारलं होतं. मी तिथे खिडकीशी उभी राहून ते दृश्य पाहिलं. खाली कुणाच्या तरी पॉपकॉर्नचा आवाज येत होता.

मांत्रिक

शेवटाबद्दल मला राग आहे आणि तो लपवायची इच्छा नाही.

मूळ शेवट असा: वाड्यातली शेवटची रात्र. सगळे गेलेत. आक्का एकच पान मांडतात आणि या वेळी स्वतः त्या पानावर बसतात. मातृभोजन. सकाळी मजूर येतात तेव्हा रिकाम्या माजघरात एक पान आहे आणि भाताला दोन आळी आहेत. आक्का नाहीत. बस.

त्याच्या जागी मांत्रिक आला. कवट्या, लिंबं, हळदकुंकू, परातीत आग, मुंजा किंचाळत जळतो. 'शेवट कळला पाहिजे' असं कारण दिलं गेलं. मग 'हा चित्रपट अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही' ही पाटी सुरुवातीला लावावी लागली. मूळ चित्रपट खरोखरच कसलं समर्थन करत नव्हता. आक्का त्याला भूत म्हणतच नव्हत्या, 'तो' म्हणत होत्या.

आम्ही ते दृश्य शनिवार पेठेतल्या ज्या वाड्याच्या नावाने खपवलं, तिथून ओंकारेश्वराजवळचा पूल चालत काही मिनिटांवर आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी त्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्या माणसाने आयुष्य कशाविरुद्ध घालवलं ते ज्या शहराला माहीत आहे, त्या शहराच्या गोष्टीत संकटात सापडलेली सून शेवटी कवट्यावाल्या बाबाच्या पायाशी बसते आणि बाबा तिला वाचवतो. भुताची गोष्ट सांगायला भुतावर विश्वास लागत नाही. मी स्वतः मानत नाही. पण गोष्टीतल्या दुःखावर विश्वास लागतो, आणि मांत्रिक आला की दुःख कुणाचंच उरत नाही, नुसता बंदोबस्त उरतो.

चित्रपट पुण्यात दुसऱ्या आठवड्यात दोन खेळांवर आला आणि मग उतरला. 'बघा, मराठीत भयपट चालत नाही,' हे वाक्य मी त्या महिन्यात चार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. मला ते मान्य नाही. आमचा भयपट एकविसाव्या मिनिटाला चालत होता.

आता

निर्मात्यांनी गेल्या महिन्यात स्वतःहून फोन केला. थिएटरचा हिशोब संपलाय, ऑनलाइनसाठी वेगळी आवृत्ती करायची असेल तर करा, पैसे मात्र नाहीत. दिग्दर्शक, संकलक आणि मी, तिघं रात्री बसतोय. छतावरून चालणारा मुंजा काढला. सावत्र आई काढली. तेवीस धक्क्यांतला एक ठेवलाय, स्वयंपाकघरात फडताळातून तांब्या पडतो तो, कारण तिथे खरंच तांब्या पडतो. सव्वातीन मिनिटांचा कंदिलाचा शॉट परत आला. लिफ्ट आणि गाडी गेल्याने फ्लॅटची बाजू अगदी तुटक झालीये, तिथे मुंजा कसा पोचतो याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. चित्रपट सत्तर मिनिटांच्या आत येईल.

पाठमोरा मुंजा मात्र नव्याने घेता येत नाही. पोराचे केस वाढलेत, मान भरलीये, तो आता सहावीत आहे आणि बसला की पाठमोराही कुणीतरी मोठा मुलगा वाटतो. जेवढं आधी घेतलं होतं तेवढ्यावरच भागवायचं. शेवटही कधी चित्रित झाला नव्हता. वाडा पाडून झालाय. पण त्या शेवटच्या शॉटला वाडा लागतच नाही. पाट, पान आणि खाली जमीन, एवढंच.

परवा सिंहगड रोडला दिग्दर्शकाच्या आईकडे आम्ही ते घेतलं. आक्कांचं काम करणाऱ्या ताई रिक्षाने आल्या, मानधनाचा विषयसुद्धा काढला नाही. कुकर लावला, भात गार होऊ दिला, मूद पाडली. दिग्दर्शकाने स्वतः दोन बोटांनी दोन सुबक आळी केली, वरण घातलं, कॅमेरा लावला. ताई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या.

"हे एक माझं आहे, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण पोराचं असं नसतं रे. पोरं जास्त वरण मागून घेतात आणि मग आळं एका बाजूने फुटतं. तेव्हाही मला वाटलं होतं, बोलले नाही."

त्या खाली बसल्या, पदर खोचला, आणि दुसऱ्या आळ्याची कड बोटाने हलकेच दाबली. वरण फुटून भाताखालून पानावर आलं आणि मिठापर्यंत वाहत गेलं. दिग्दर्शकाने कॅमेरा चालू केला. मी कूलर बंद केला, फ्रिजची वायर काढली आणि हेडफोन लावले.